आईच्या दातांचा साचा

शिवाजीनगर, बेंगळूर
गुरुवार, सकाळचे सहा

प्रिय स्मृती,

हे पत्र आणि त्याखालचा बिस्किटांचा जुना डबा तुला गिरीराज देईल. गिरीराज म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू ठोकल्यापासून तिथे बसवलेला पोलीस, उंच, मास्क नेहमी हनुवटीवर. मी त्याच्या मागे पाच हात लांब उभा असेन. दोन्ही घेतलंस की गाडीत बस आणि विराटरावांना सांग, एचएसआरला घरी नाही, सरळ हॉस्पिटलला घ्या. रस्ते रिकामे आहेत, वीस-पंचवीस मिनिटांत पोचाल. तेवढ्यात पत्र वाचून होईल, मी मोठ्या अक्षरात लिहितो आहे. डब्याचं झाकण मात्र पत्र संपल्यावरच उघड. आधी उघडलंस तर नुसती घाबरशील आणि आत काय आहे ते कळणारही नाही. डबा डिकीत टाकू नकोस, मांडीवर धर. हलवू नकोस.

फोन असताना हे पत्र कशाला, असं तू विचारशील. काल संध्याकाळी तुला तीनदा फोन केला, आठवतं? तिन्ही वेळा मी "जेवलीस का" एवढंच विचारलं. तिसऱ्या वेळी तू वैतागलीस, "अण्णा, साडेपाच वाजलेत, या वेळी कोण जेवतं? तुम्ही बरे आहात ना?" मी सरी सरी, ठीक आहे, म्हणालो, उद्या सकाळी गाडी घेऊन बांबूपाशी ये एवढंच जोडलं आणि ठेवून दिला. जे सांगायचं ते जिभेपर्यंत येतं आणि तिथेच अडकतं. कागदावर निदान माझं मला दिसतं, कुठे अडकलो ते. सातवीपर्यंत कन्नड शाळा आणि मराठी वडिलांनी घरी पाटीवर गिरवून घेतलेली, तेव्हा चुका असतील. चुकांकडे बघू नकोस.

आधी आईचं सांगतो, कारण तुझा जीव तिथेच असेल. काल दुपारी डॉक्टरांचा फोन आला होता. तुलाही आला असेल. कोरोनाचे दोन्ही रिपोर्ट नाही म्हणतायत, पण खोकला थांबत नाही, ताप उतरत नाही, आणि फोटोत उजव्या बाजूला खाली छाती भरलेली दिसते. डॉक्टर म्हणाले, कधीकधी रिपोर्ट चुकतो, तिसरा करतोय, पण संशयितांच्या वॉर्डात आता जागा नाही, म्हणून उद्या, म्हणजे आज संध्याकाळी, त्यांना मोठ्या वॉर्डात हलवतोय. मोठा वॉर्ड म्हणजे जिथे सगळे खरेच आजारी आहेत तो. स्मृती, तिला कोरोना नाही. मला माहीत आहे. आठ दिवस मला माहीत आहे आणि मी गप्प आहे. आज संध्याकाळच्या आत तिथल्या डॉक्टरांनाही हे कळायला हवं, नाहीतर जे तिला झालेलं नाही ते तिथे होईल, आणि जे झालंय ते कुणी बघणारच नाही.

मला पहिल्यापासून सांगितल्याशिवाय जमणार नाही. संक्रांतीला तू आली होतीस तेव्हा आईच्या खालच्या कवळीवरून आपलं वाजलं होतं. ती ढिली झाली होती, जेवताना कट्कट वाजायची. तुझ्या घराजवळच्या काचेच्या दवाखान्यात तू तिच्यासाठी वेळ घेऊन आली होतीस. मी म्हणालो, घरात चाळीस वर्षं दात बनवणारा माणूस बसलाय आणि तू तिला कुठे नेतेस. तू म्हणालीस, "अण्णा, तुम्ही दात बनवत होता, तुम्ही डॉक्टर नव्हता." खरंच बोललीस. पण मला ते लागलं. मी ताटावरून उठलो. आई हसत म्हणाली, "जाऊ दे गं, मला का आता नवरी व्हायचंय? जोंधळ्याची भाकरी दुधात कुस्करून खाते मी." तिने तुझ्यासमोर माझी बाजू घेतली आणि ती वेळ रद्द झाली. त्या दिवशी ती तुझ्याबरोबर गेली असती तर हे पत्र लिहायची पाळी आली नसती. एवढी एक गोष्ट मी या आठ दिवसांत किती वेळा घोळवली असेल.

आमच्या कामाचं तुला फारसं माहीत नाही, शाळेत असताना माझे प्लास्टरने पांढरे झालेले हात तुला आवडायचे नाहीत. ते असू दे. पण थोडं समजून घे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. डॉक्टर पेशंटच्या तोंडात ठसा घेत आणि आमच्या वर्कशॉपकडे पाठवत. आम्ही त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा करत असू, त्यावर मेणात दात बसवायचे, मग मेण काढून गुलाबी मसाला भरायचा. आमचे मालक अप्पासाहेब, देव त्यांचं भलं करो, एक गोष्ट रोज सांगायचे. "गुंडो, तोंड डॉक्टरचं, साचा आपला. जिवंत तोंडात बोट घालायचं नाही." चाळीस वर्षांत मी एकदाही घातलं नाही. वर्कशॉप बंद झालं त्या दिवशी अप्पासाहेबांनी मला एक पेटी दिली, त्यात मसाल्याची पावडर, तो उग्र वासाचा द्रव, घासण्या, बारीक करवत. आठवण म्हणून ठेव, म्हणाले. मी ठेवली. तिला हात लावायला नको होता.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आईच्या कवळीखाली फोड आला. कवळी काढली तर चावता येत नाही, घातली तर रक्त. तिची साखर तुला माहीत आहे. गोळ्या घ्यायच्या आणि पोटात नुसती पेज, म्हणून दोनदा चक्कर येऊन पडली, ते तुला सांगितलं नाही. तेव्हा गल्लीला बांबू नव्हते. मी तोंडाला पंचा बांधून बाहेर पडलो. बाजारामागच्या चारही दातांच्या दवाखान्यांची शटरं खाली. एकाच्या दारावर नंबर होता, त्यावर फोन केला तर म्हणाले, फक्त इमर्जन्सी. मी म्हटलं, बायको जेवत नाही. तिकडून आवाज आला, "अज्जा, ढिली कवळी इमर्जन्सी नाही. स्वल्प सांभाळून घ्या, लॉकडाऊन उठला की या." त्यांचंही चुकलं नाही. दातांवर मशीन चालवलं की थुंकी हवेत उडते, तिथूनच रोग पसरतो म्हणत होते. मोठ्या सरकारी दवाखान्यात म्हणे थोड्या लोकांचे दात काढतात, पण बस नाही, रिक्षा नाही, आणि तिला दम लागतो. तुला बोलवायचं तर तुझ्याकडे ध्रुव लहान, तुमची सोसायटी बंद, आणि तेव्हा विराटरावांच्या ऑफिसने दिलेला पासही नव्हता. शिवाय संक्रांतीचं ते बोलणं माझ्या मनात होतंच. खोटं कशाला लिहू, ते होतंच.

चैत्र पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी पेटी उघडली. कवळी ढिली झाली की आतून मसाल्याचा नवा थर भरतात, मग ती पुन्हा हिरडीला धरते. हे काम मी हजारदा केलेलं, पण साच्यावर. आईला म्हटलं, करू का? ती म्हणाली, "तुम्ही केलेली आहे, तुम्हीच नीट करा. मला कुठल्या काचेच्या दवाखान्यात जायचंय?" पावडर जुनी होती, तिच्यात खडे झाले होते, ते चाळून घेतले. मसाला द्रवात कालवला, कवळीच्या आत भरला, आणि तिच्या तोंडात बसवून वरून बोटाने दाबून धरलं.

आता नीट वाच. डॉक्टर हेच काम करतात तेव्हा मसाला मऊ असतानाच कवळी दोन-तीनदा बाहेर काढून पुन्हा बसवतात, म्हणजे ती उरलेल्या दातांच्या मानेत, हिरडीजवळच्या खाचेत, अडकत नाही. मला ते कधी करावं लागलंच नव्हतं. साच्यावर उलट असतं. साच्यावर मसाला घट्ट होईपर्यंत हलवायचं नसतं, हलवलं की काम बिघडलं. माझ्या हाताला चाळीस वर्षांची तीच सवय. मी दाबून धरलं आणि घड्याळाकडे बघत बसलो. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मला वाटलं वासाने. तो मसाला घट्ट होताना चटका देतो, हे मला माहीत असून आठवलं नाही, कारण प्लास्टर कधी ओरडत नाही. आणि तीही ओरडली नाही. हात खुर्चीवर ठेवून साच्यासारखी बसून राहिली. मी म्हटलं, झालं, आता काढ. कवळी निघेना. तिचे खाली उरलेले दोन दात होते ना, त्यांच्या मानेभोवती मसाला जाऊन दगड झाला होता.

पहिल्या दिवशी ती थट्टा करत होती. "बघा, आता शेजारच्या वसुमतीला सांगते, माझी कवळी कधी पडायची नाही, नवऱ्याने कायमची ठोकलीय." दुसऱ्या दिवशी हिरडी सुजली. तिसऱ्या दिवशी गाल. मी त्या फोनवरच्या डॉक्टरांना पुन्हा फोन लावला. त्यांनी विचारलं, काय होतंय. स्मृती, मी खोटं बोललो. म्हटलं, दाढ दुखतेय. तोंडाचा फोटो पाठवा म्हणाले, मी गालाचा बाहेरून काढून पाठवला. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. खरं सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी दार उघडलं असतं. मला भीती वाटली. डिग्री नसताना तोंडात हात घालणाऱ्यांना पोलीस पकडून नेतात, बाजारात एकाला नेलेलं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्याच्या डोक्यावर टोपी होती, ती पडली, ती उचलायलाही त्याला थांबू दिलं नाही. मला तेव्हापासून ती टोपीच दिसते.

त्याच आठवड्यात तीन घरं सोडून एकाला कोरोना निघाला आणि गल्ली बंद झाली. रोज सकाळी दोघी बायका कपाळाला पिस्तूल लावून ताप बघायला यायच्या. आईला ताप होता, दातामुळे, पण त्यांना काय माहीत? उचलून नेतील म्हणून त्या यायच्या तासभर आधी मी तिला तापाची गोळी द्यायचो. त्या म्हणायच्या, "अम्मा सरी इद्दारे," अम्मा ठीक आहेत, आणि पुढे जायच्या. मी दार लावून घ्यायचो आणि दाराला पाठ टेकून उभा राहायचो. ती पलंगावर पडल्या पडल्या मला म्हणायची, "तुम्ही आधी बसा, नाहीतर ताप मला आणि नेतील तुम्हाला."

गेल्या बुधवारी तिला तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. मला कळलं की आता कवळी आत राहिली तर गळ्यापर्यंत सूज जाईल. मी करवत उकळून घेतली. तिला खिडकीत बसवलं. माझा हात आता तसा राहिलेला नाही, चहाचा कप धरताना थरथरतो. मी देवाचं नाव घेत मधोमध कापायला सुरुवात केली, अर्ध्यावर गेलो आणि ती भलत्याच जागी आपोआप कड्कन तडकली. मोठा भाग, दातांना धरणाऱ्या तारेसकट, माझ्या हातात आला, रक्त आणि पू आला, आणि त्याच वेळी तिने दचकून श्वास आत घेतला. मग तिला ठसका लागला. तसा ठसका मी जन्मात पाहिला नाही. चेहरा काळानिळा झाला, डोळे वर गेले, मी पाठीवर थापा मारत राहिलो, तुझं नाव घेऊन ओरडलो की काय तेही आठवत नाही. मग एकदम श्वास लागला. पाणी प्यायली. सूज फुटल्यामुळे तिला बरं वाटलं आणि ती चक्क हसली. म्हणाली, "सुटले बाई एकदाची."

मी हातातला भाग धुतला आणि पाहिलं. उजव्या टोकाचा तुकडा नव्हता. शेवटच्या दाढेचा. फरशीवर बघितलं, मोरीत बघितलं, तिच्या पदरात, पलंगाखाली, बॅटरी घेऊन कोपरे पाहिले. ती म्हणाली, "गिळला असेन, जाईल पोटातून." मीही तेच धरून बसलो. पोटातून जाईल. दुसऱ्या दिवशी खोकला सुरू झाला. तिसऱ्या दिवशी दम. चौथ्या दिवशी ताप बघणाऱ्या बायकांनी खोकला ऐकला आणि तासाभरात पांढरे कपडे घातलेली माणसं आली. त्यांचे चेहरे दिसत नव्हते. सगळी गल्ली खिडक्यांत. जाताना तिने माझं बोट धरलं. आपल्या घरात चारचौघांत बोट धरायची पद्धत नाही, तुला माहीत आहे. मला जवळ ओढून म्हणाली, "दातांचं कुणाला सांगू नका. तुम्हाला नेतील. मी सांगते माझी मीच काढली म्हणून. शपथ आहे माझी." मग ती माणसं म्हणाली, अज्जा लांब व्हा, आणि गाडीचं दार लागलं.

ती तिथे तसंच सांगत असणार. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलायला दम नाही, तरी तेवढं मात्र सांगत असणार. परवा सिस्टर श्रीविद्याने तिच्या कानाला फोन लावला तर ती नुसतं "हं" म्हणाली. त्या हं नंतरचा खोकला मी ऐकला. माणसाला सर्दीतला खोकला वेगळा आणि अडकल्याचा वेगळा कळतो. मला त्या क्षणी पूर्ण कळलं की तुकडा पोटात गेलेला नाही.

तेव्हा मी धीर करून वॉर्डात फोन केला. श्रीविद्या चांगली मुलगी आहे, पण मागे मशीन वाजत होती, कुणी हाका मारत होतं. मी कन्नडमध्ये सांगायला लागलो, कवळीचा तुकडा, माझ्या बायकोच्या कवळीचा तुकडा. ती म्हणाली, "काळजी करू नका अज्जा, वरची कवळी डबीत घालून बांगड्यांबरोबर ठेवलीय, हरवणार नाही." मी म्हटलं, ती नव्हे सिस्टर, खालची, छातीत. ती म्हणाली, "छातीचा एक्स-रे काढलाय अज्जा, आत तसलं काही नाही," आणि तिला कुणी बोलावलं. ती तरी काय करणार, एकटी चाळीस जणांना बघते. पण तिचं ते वाक्य ऐकून मी जमिनीवरच बसलो. कारण एक्स-रेमध्ये ते दिसतच नाही, स्मृती. पुष्कळ वर्षांपूर्वी एक दातांचे डॉक्टर घामाघूम होऊन आमच्या वर्कशॉपमध्ये आले होते. त्यांच्या पेशंटने झोपेत कवळी गिळली होती आणि फोटोत नुसती तार दिसत होती, गुलाबी भाग नाही, दात नाहीत. अप्पासाहेबांनी त्यांना सांगितलं होतं, "डॉक्टर, आमचा मसाला आणि आमचे दात, दोन्ही प्लॅस्टिक. तुमच्या फोटोला ते हवेसारखे." आईच्या हरवलेल्या तुकड्यात तार नाही. तार माझ्याकडच्या भागात आहे. म्हणजे हॉस्पिटलमधले लोक शंभर फोटो काढतील आणि दर वेळी म्हणतील, आत काही नाही. हे ओळखणारा माणूस बेंगळुरात असेलही कुणी, पण त्या तुकड्याबद्दल माहीत असणारा मी एकटाच, आणि मी बांबूच्या आत बसलोय.

तुला सांगितलं तर तू डॉक्टरांना सांगशील, पण ते तरी का ऐकतील? नळी घालून छातीत बघायचं काम या दिवसांत ते सहज करत नाहीत, त्यात त्यांच्याच जिवाला धोका असतो, असं तूच मला म्हणाली होतीस. एका घाबरट म्हाताऱ्याने फोनवर सांगितलं म्हणून कोण एवढं करेल? म्हणतील, अज्जाला भ्रम झालाय. त्यांच्या हातात काहीतरी द्यायला हवं होतं. काल दुपारी डॉक्टरांचा तो फोन आल्यावर मी अर्धा तास नुसता घरात फिरलो. गॅस बंद आहे का बघितलं, पुन्हा बघितलं, कडी लावली, काढली. मग देव्हाऱ्याखालच्या फळीवर हात घातला. तिथे मी काय ठेवलंय ते तुला माहीत नाही. वर्कशॉपमधून मी फक्त तीन साचे घरी आणले होते. एक तुझा, नवव्या वर्षी पायरीवर पडून तुझा पुढचा दात तुटला होता तेव्हाचा. एक माझ्या आईचा. आणि एक तुझ्या आईच्या खालच्या जबड्याचा, ज्यावर मी तिची कवळी केली होती.

डब्यात तोच साचा आहे. पंधरा वर्षांचा आहे, कापसात गुंडाळलाय. त्यावर तुटलेल्या कवळीचा मोठा भाग मी नीट बसवला, तेव्हा उजव्या टोकाला जी जागा रिकामी राहिली, तीच हरवलेल्या तुकड्याची जागा. ती जागा मेणाने भरली, नव्या थराची जाडी तुटलेल्या कडेवरून घेतली, आणि मग मेण काढून त्या जागी मसाला भरला. डबीत शेवटची तेवढीच पावडर उरली होती. या वेळी हात थरथरला नाही, का ते मला ठाऊक नाही. तो तुकडा बोटाने उचलला की सुटतो, पुन्हा ठेवला की बसतो. चिंचोक्याएवढा आहे, एका टोकाला दाढ, दुसऱ्या टोकाला तडकलेली धारदार कड. तो डॉक्टरांच्या तळहातावर ठेव आणि सांग, असाच, याच मापाचा, माझ्या आईच्या, अनुसूयाच्या छातीत उजव्या बाजूला आहे, आणि तो फोटोत दिसणार नाही. कुणी केलं विचारलं तर बाजारातला कुणी भोंदू म्हणू नकोस, आईने स्वतः काढली म्हणू नकोस. माझं पूर्ण नाव सांग, पत्ता सांग, सांग की दात बनवणारा आहे. पोलिसांना यायचं तर गिरीराज गल्लीच्या तोंडाशीच आहे, त्याला लांब यावं लागणार नाही. आईच्या शपथेचं काय, तर ती मी मोडली, तिला बोलता आलं की ती मला हवं ते बोलू दे, तेवढं बोलण्यासाठी तरी ती घरी यावी. आणि स्मृती, डबा घेताना माझ्याकडे बघू नकोस. तू बघितलंस तर मी पुन्हा विचारीन, जेवलीस का, आणि तू उत्तर द्यायला थांबशील. थांबू नकोस, पोरी. गाडीत बस.

तुझाच घाबरलेला,
अण्णा